बॉल गेल्यावर शरीर कुठं थांबतं?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवणारे ४७ वर्षांचे एक गृहस्थ दोन वर्षांपासून गोल्फ खेळतात. कॉलेजात टेनिस बॉल क्रिकेट भरपूर झालेलं. सेव्हन आयर्न (मधल्या अंतरासाठीचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) कधी बॉलच्या आधीच जमिनीत रुततं, कधी बॉलच्या डोक्यावर बसतं. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, बॉल उजवीकडं वळून झाडीत जातो. मारून झालं की तोल उजव्या पायावर मागं येतो. सोबतचे सगळे सांगतात, 'फॉलो-थ्रू पूर्ण करा,' म्हणजे बॉल मारल्यावरही क्लब शेवटपर्यंत फिरू द्या. त्यांचं विचारणं असं: "बॉल तर निघून गेलेला असतो. त्यानंतर हात कुठं नेले, कसा उभा राहिलो, यानं त्या बॉलला काय फरक पडणार? आणि पडत असेल तर सुधारायचं कुठून?"

तुमची शंका रास्त आहे, आणि निम्मी बरोबरही आहे. बॉल आणि क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) एकमेकांना लागून असतात तो काळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात क्लबचं डोकं जेमतेम दोन सेंटिमीटर पुढं जातं आणि बॉल सुटतो. त्यानंतर तुम्ही क्लब खांद्यावर घेतला काय नि जमिनीवर टाकून दिला काय, बॉलला त्याचं देणंघेणं नाही. फोटोतल्यासारखी ऐट केली की बॉल सरळ जाईल असं कुणी सांगत असेल तर ते मीही मानत नाही.

पण तुम्ही उद्यमबागेतले. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग रोज हातात घेता. लेथवर चढवल्यावर आतून ब्लो-होल, म्हणजे हवेचं भोक, उघडं पडलं, तर चूक त्या जागी आणि त्या क्षणी झालेली असते का? ती झालेली असते वाळूत पाणी जास्त पडलं तेव्हा, नाहीतर रस ओतताना. कास्टिंग ते नुसतं दाखवून देते. फिनिशचं, म्हणजे मारून झाल्यावर शरीर जिथं थांबतं त्या स्थितीचं, तसंच आहे. उजव्या पायावर मागं आलेले तुम्ही लोकांना शेवटी दिसता, पण तोल गेलेला असतो बॉलच्या आधी. आणि भोकात लांबी भरून भागत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मारून झाल्यावर स्वतःला ओढून डाव्या पायावर आणलंत तर बघणाऱ्याला बरं वाटेल, बॉल जायचा तिथंच गेलेला असेल. म्हणून 'फॉलो-थ्रू पूर्ण करा' हा सल्ला नुसता तेवढाच दिला तर अपुरा आहे. त्यामागचं कारण सांगायला हवं.

चांगल्या खेळाडूचा क्लब वरून बॉलपर्यंत यायला साधारण पाव सेकंद घेतो. डोळ्यांना काही दिसून हातानं दाद द्यायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे वाटेत दुरुस्तीला सवडच नाही. शरीराला जे सांगायचं ते क्लब खाली निघायच्या आधी सांगून झालेलं असावं लागतं. तिथं 'कोपर असं, मनगट तसं, कंबर इतकी' अशा दहा सूचना चालत नाहीत. एक सूचना मात्र शरीराला लगेच उमगते: कुठं जाऊन थांबायचं आहे. मुक्काम बॉलवर ठरवलात तर शरीर मुक्कामाच्या अलीकडंच ब्रेक दाबायला लागतं. मुक्काम बॉलच्या पलीकडं, डाव्या पायावर, छाती निशाणाकडं करून उभं राहणं हा ठरवलात, तर बॉल वाटेत येतो आणि ब्रेक न लागता मारला जातो. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून हातात राहिलेली गोष्ट ही एवढीच आहे, बाकी सगळं तिच्या आजूबाजूचं.

माझं लहानपण जोंधळ्याच्या रानात पाखरं राखण्यात गेलं. गोफणीतून खडा सुटल्यावर हात कधी जागच्या जागी थांबतो का? थांबवायचा प्रयत्न केला तर खडा पायाशी पडतो, नाहीतर शेजारच्याच्या रानात जातो. आता दुसरीकडं भाताची झोडणी बघा. खानापूरकडं पेंढी डोक्यावरून आणून फळीवर आपटतात. तिथं सगळा जोर फळीपाशी संपायलाच हवा, कामच ते आहे. गोल्फला नव्यानं आलेली बहुतेक मंडळी बॉलवर झोडणी करतात. जोर चांगला असतो, दंड भरलेले असतात, पण सगळं बॉलपाशी संपतं. आपल्याकडं तालमीत घाम गाळलेली पोरं गोल्फला येतात तेव्हा सुरुवातीला त्यांचं हेच होतं. त्यांना मी मुदगल फिरवायची आठवण करून देतो. मुदगलाला कुणी मध्येच अडवत नाही, त्याच्या वजनाला वाट करून देतात आणि आपण पायावर घट्ट राहतात. हे सांगितलं की त्यांच्या लगेच ध्यानात येतं.

पाय घट्ट का लागतात, त्याचा हिशोब तुम्ही कारखान्यात बसून करू शकाल. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं. हौशी खेळाडूच्या हातात त्याचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ४२ मीटर. फेऱ्याची त्रिज्या दीड-पावणेदोन मीटरची धरा. बाहेरची ओढ २० किलोच्या वर भरते. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढं वजन पाव सेकंदात तुम्हाला बॉलच्या दिशेनं खेचत असतं. जो उभा राहताना पंजावर फार झुकलेला आहे तो त्या ओढीनं पुढं जाणार, आणि पुढं जाऊ नये म्हणून जो टाचेवर रेलतो तो मागं फेकला जाणार. फिनिशला तीन सेकंद स्थिर उभं राहता आलं, तर या ओढीला तुमच्या पायांनी पूर्ण वेळ तोंड दिलं होतं असा त्याचा अर्थ.

आता तुमच्या स्विंगकडं येतो. आयर्न जमिनीत रुतणं आणि बॉलच्या डोक्यावर बसणं हे तुम्हाला दोन आजार वाटतात. आजार एकच आहे. तुम्ही बॉल उचलायला जाता. क्रिकेटमध्ये उचलून मारायचं म्हणजे थोडं मागं रेलायचं, ही सवय हाडात मुरलेली. इथं त्याची गरज नाही, कारण उचलायचं काम क्लब करतो. सेव्हन आयर्नचा चेहरा तीस अंशांच्या आसपास मागं कललेला असतो, तो त्यासाठीच. तुम्ही उजव्या पायावर राहिलात की क्लबच्या फेऱ्याचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागं, उजव्या पायाजवळ येतो. मग एक तर क्लब तिथं मातीत घुसतो, नाहीतर तिथून वर उठत उठत येऊन बॉलच्या डोक्याला लागतो. आयर्ननं मारताना आधी बॉल आणि मग बॉलच्या पुढची माती निघाली पाहिजे. पुढच्या रविवारी डिव्हॉट, म्हणजे क्लबनं उकरलेला खड्डा, कुठं पडतोय ते बघा. बॉल होता त्याच्या मागं पडत असेल तर मला व्हिडिओसुद्धा पाठवू नका, उत्तर तुमच्या समोर आहे.

ड्रायव्हरच्या उजवीकडं जाण्याचं मूळही याच घरात आहे. बॉल निघतो तो मुख्यतः क्लबफेस ज्या दिशेला बघतोय त्या दिशेला. मग वळतो तो क्लबची वाट आणि फेसची दिशा यांत जो फरक असेल त्याप्रमाणं. शरीर उजव्या पायावर अडकलं की छाती फिरायची थांबते. छाती थांबली की हात एकटे पडतात आणि अंगावरून डावीकडं ओढले जातात, डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर दुमडतं आणि फेस त्या वाटेच्या मानानं उघडा राहतो. झाला स्लाइस. पुष्कळ जण यावर ग्रिप बदलतात, नवा ड्रायव्हर आणतात. ग्रिप तपासावी, मी नाही म्हणत नाही. पण छाती निशाणाकडं पोचत नाही तोवर ड्रायव्हरवर पैसे घालू नका.

बरं फिनिश दिसतं कसं, ते उजव्या हाताच्या खेळाडूचं सांगतो. जवळजवळ सगळं वजन डाव्या पायावर, तेही टाचेकडं आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला. डावा पाय सरळ, पण गुडघा ताठ लॉक केलेला नाही. उजवा पाय फक्त बोटांच्या टोकावर, टाच वर, तळवा मागच्या माणसाला पूर्ण दिसतोय. पट्ट्याचं बक्कल निशाणाकडं किंवा किंचित डावीकडं. उजवा खांदा डाव्यापेक्षा निशाणाला जवळ. हात डाव्या कानाच्या पलीकडं, क्लब मानेच्या मागं आडवा आलेला. आणि कसोटी अशी की त्या अवस्थेत उजवा पाय जमिनीवरून चार बोटं उचलला तरी तुम्ही पडत नाही. हे जमलं तर बाकीच्या बारकाव्यांत एखादं इकडंतिकडं झालं तरी मी बोलत नाही. मोठ्या खेळाडूंमध्येही फिनिश वेगवेगळी असतात. अर्नोल्ड पामर तर क्लब डोक्यावर हेलिकॉप्टरच्या पात्यासारखा गरकन फिरवायचे. पाय मात्र जाग्यावर असायचे.

'डोकं खाली ठेव' या सल्ल्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण त्यानं मी पाहिलेल्या कितीतरी चांगल्या हातांचं नुकसान केलंय. बॉल चुकला की बाजूचा लगेच म्हणतो, डोकं वर आलं. मग माणूस हनुवटी छातीत खुपसून बॉल गेल्यावरही गवताकडं बघत बसतो. मान धरून ठेवली की खांदा अडतो, खांदा अडला की कंबर थांबते, आणि उरतं ते हातांचं खेचणं. नजर बॉलवर असावी, मारेपर्यंत. पण बॉल निघाला की उजवा खांदा हनुवटीखालून पुढं जाताना डोक्याला सोबत घेऊन जाऊ दे. अ‍ॅनिका सोरेनस्टॅमचं डोकं तर बॉल लागायच्या सुमारासच निशाणाकडं वळू लागायचं, आणि त्या बाईंनी महिला व्यावसायिकांच्या एलपीजीए मालिकेत ७२ स्पर्धा जिंकल्या, २००१ मध्ये एक अख्खी फेरी अवघ्या ५९ फटक्यांत संपवली. त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाही. मान मोकळी सोडली म्हणून आभाळ कोसळत नाही, एवढं त्यातून घ्या.

सुरुवात कुठून करायची? शेवटापासून. घराच्या परसात किंवा गच्चीवर, बॉल न घेता. क्लब हातात घेऊन थेट फिनिशमध्ये जाऊन उभे राहा, वर सांगितलं तसं. आरशात किंवा काचेच्या खिडकीत बघा. दहा अंक मोजा. डाव्या पोटरीत आणि कुल्ल्यात काय ताण येतोय ते नीट जाणून घ्या, कारण पुढं मैदानावर आरसा नसतो, ती जाणीवच असते. मग तिथून उलटं, सावकाश मागं या, बॉलच्या जागेवरून बॅकस्विंगपर्यंत (क्लब मागं वर नेतात तिथपर्यंत) जा, आणि न थांबता परत त्याच फिनिशला पोचा. दिवसातून वीस वेळा. पंधरा दिवस यापलीकडं काही करू नका. मला माहीत आहे, हे कंटाळवाणं आहे.

तरी करा, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या आपल्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला होता ते बेळगावात कोण विसरेल? आजूबाजूच्या शाळा बंद, शिमोग्याकडच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले होते शोधायला. मैदानाकडं फिरकायची सोय नव्हती. त्या दिवसांत माझ्याकडं शिकणाऱ्या काही जणांना मी हाच गच्चीवरचा सराव दिला होता, बॉलशिवाय. परत मैदानावर आले तेव्हा त्यांचा तोल आधीपेक्षा कितीतरी चांगला होता. बॉल समोर नसला की मारायची घाई नसते, आणि घाई नसली की शरीर शिकतं.

त्यानंतर दोन्ही पाय जवळ जुळवून अर्धा स्विंग, आता बॉलसकट, नाइन आयर्ननं. पाय जुळलेले असले की जरा जास्त जोर लावला तरी तुम्ही लडखडता, म्हणून किती जोर पेलतो ते पायच शिकवतात. इथली कॅडी मंडळी (खेळाडूंची पिशवी वाहणारी) अशा वेळी मागून म्हणतात, 'निधान री, निधान.' सावकाश. ते ऐकत जा. त्यांनी हजारो स्विंग मागून बघितलेत.

झोडणीची सवय मोडायला एक कानाचा सराव आहे. ड्रायव्हर उलटा धरा, डोक्याकडची दांडी हातात घेऊन, आणि हवेत फिरवा. सूं असा आवाज येईल. तो आवाज सगळ्यात मोठा कुठं येतो ते ऐका. तुमचा बहुधा उजव्या खांद्यापाशी, म्हणजे बॉलच्या फार आधी येईल. तो बॉलच्या जागी आणि त्याच्या पुढं, डाव्या पायापलीकडं यायला हवा. आवाज पुढं सरकला की समजा, ब्रेक सुटला.

आणि मागं रेलण्यावरचा माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे चालत जाणं. बॉल मारा आणि फिनिशला थांबण्याऐवजी उजवा पाय उचलून निशाणाकडं एक पाऊल टाका. गॅरी प्लेअर हे दक्षिण आफ्रिकेचे थोर खेळाडू सामन्यातसुद्धा मारल्यावर असं पाऊल टाकत पुढं निघायचे. वजन उजव्या पायावर अडकलेलं असेल तर ते पाऊल उचलताच येत नाही, त्यामुळं यात स्वतःला फसवता येत नाही. वीस बॉल असे मारा, मग पाच बॉल स्थिर फिनिशचे. फिनिश धरायचं ते बॉल जमिनीवर पडेपर्यंत. वाईट मारलात तरी धरायचं. वाईट मारल्यावर तर धरायचंच, कारण तेव्हाच कळतं की वजन कुठं राहिलं.

अमेरिकेचे थोर खेळाडू बेन होगन यांची गोष्ट माझ्या मनात कायम असते. फेब्रुवारी १९४९ मध्ये टेक्सासात धुक्यात त्यांच्या मोटारीला बस समोरून धडकली. ओटीपोटाचं हाड, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी, सगळं मोडलं. परत चालतील का, इथपासून प्रश्न होता. जून १९५० मध्ये ते मेरियनच्या मैदानावर अमेरिकन ओपन खेळत होते, शेवटच्या दिवशी ३६ होल, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, पायांना पट्ट्या गुंडाळून. अठराव्या होलला त्यांनी वन आयर्ननं मारलेला फटका हाय पेस्किन या छायाचित्रकारानं मागून टिपला. पार साधून, म्हणजे त्या होलला ठरलेल्या फटक्यांत बॉल भोकात घालून, त्यांनी बरोबरी केली आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी फोडायचा प्लेऑफ जिंकला. तो फोटो मिळाला तर नीट बघा. बॉल निघून गेलाय, समोर माणसांची भिंत आहे, आणि मोडून जुळलेल्या त्या पायांवर हा माणूस खांबासारखा उभा आहे. उजव्या बुटाचा तळवा कॅमेऱ्याकडं. वजन कुठं आहे ते विचारावं लागत नाही.

तुमचं वय ४७, म्हणून पाठीचं आणि गुडघ्याचं बोललंच पाहिजे. जुन्या फोटोंत फिनिशला कंबर पुढं आणि खांदे मागं, पाठ धनुष्यासारखी उलटी वाकलेली दिसते. साठ-सत्तरच्या दशकात जॅक निकलॉससारखे मोठे खेळाडू तसे मारायचे. ते तुम्ही करू नका, सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. शेवटी सरळ, उंच उभं राहायचं. डावा गुडघा कुरकुरत असेल तर उभं राहतानाच डावं पाऊल निशाणाकडं वीस-तीस अंश उघडून ठेवा, म्हणजे कंबर फिरताना गुडघा पिळत नाही. तरीही दुखलं तर डावी टाच थोडी फिरू द्या, आणि दुखणं राहिलंच तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखत्या गुडघ्यावर सराव रेटू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला टी-वर (पहिला फटका मारायच्या जागी) आलात तर आधी दहा मिनिटं अंग मोकळं केल्याशिवाय ड्रायव्हर काढायचाच नाही.

पावसाळ्यात आपल्याकडं दोन गोष्टी होतात. तांबडी माती लोण्यासारखी होते आणि पश्चिमेचा वारा घाटावरून सुटतो. वारा समोरून आला की माणूस जोर वाढवतो, पाय निसरतो, आणि मग तोलाचं बोलायलाच नको. अशा दिवशी एक क्लब मोठा घ्या, ग्रिप दोन इंच खाली धरा आणि हात खांद्याच्या उंचीवर थांबतील असं आखूड फिनिश करा. आखूड चालतं, कारण ते ठरवून आखूड आहे. वजन तरीही डाव्या पायावरच. बुटाचे स्पाइक झिजले असतील तर जूनच्या आधी बदला.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या कर्नाटकाची अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिच्या गटातल्या मुली ड्रायव्हरनं तिच्या कितीतरी पुढं मारत होत्या. चार दिवस ती पदकाच्या शर्यतीत राहिली ती लांबीच्या जोरावर नव्हे. तुमचा बॉल पहिले काही आठवडे आधीपेक्षा आखूड जाईल. सोबतचे बोलतील. जाऊ दे आखूड. जोर लावायचा तर इतकाच, की फिनिशला उभं राहता येईल. त्यापुढचा जोर तुमच्या कामाचा नाही, निदान यंदा तरी नाही.

आठ आठवडे द्या. व्हिडिओ काढलात तर समोरून काढा, मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून, आणि बॉल पडेपर्यंत बंद करू नका. बहुतेक जण बॉल निघाला की कॅमेरा बॉलच्या मागं नेतात आणि नेमकं बघायचं तेच निसटतं. पण व्हिडिओच्या आधी खेळून आल्यावर उजवा बूट उलटा करून बघत जा. सध्या त्याच्या टाचेला आणि सगळ्या तळव्याला सारखी तांबडी माती लागत असेल. ज्या दिवशी माती पुढच्या टोकालाच जास्त दिसेल, त्या दिवशी आधी त्या बुटाचा फोटो पाठवा.